बोचके उंबऱ्याबाहेर नेण्यापूर्वी : जुन्या कपड्यांची घरातल्या घरात करायची वर्गवारी

दोन वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, आमच्या सोसायटीने जुने कपडे गोळा करण्याचा उपक्रम हाती घेतला. दोन दिवसांत चाळीसएक बोचकी जमली आणि न्यायला गाडी येईपर्यंत ती जिन्याखाली रचून ठेवली गेली. गाडी आठ दिवसांनी आली. एका बोचक्यात कोणीतरी अर्धवट वाळलेली चादर कोंबली होती. तिला बुरशी आली, शेजारच्या चार-पाच बोचक्यांना तिचा वास लागला, आणि न्यायला आलेल्या मंडळींनी सगळा ढीग उघडून जवळजवळ निम्मा माल जागेवरच नाकारला. नाकारलेला माल दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेला. कपडे ‘देऊन टाकल्याचे’ समाधान मात्र प्रत्येक घराला आधीच मिळून चुकले होते.

हे मार्गदर्शन त्या नाकारलेल्या ढिगावरून सुचले. कपड्याचे पुढे काय होणार, हे तो कोणाच्या हाती जातो यापेक्षाही तो घरातून कोणत्या अवस्थेत बाहेर पडतो यावर अधिक ठरते. म्हणून खाली दिलेली बरीचशी कामे घराच्या आतलीच आहेत. जे पहिल्यांदाच याकडे लक्ष देत आहेत त्यांनी ती क्रमाने करावीत. एका कपाटाला एक रविवार पुरतो.

कापडाचा कचरा इतर कचऱ्यापेक्षा वेगळा का

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ९ कोटी २० लाख टन कापडी कचरा तयार होतो. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात भारतात दरवर्षी साठणारा कापडी कचरा सुमारे ७८ लाख टन इतका मोजला आहे. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग आपल्या घरांतून येतो, ४२ टक्के गिरण्या आणि शिवणकामाच्या कारखान्यांतून येतो आणि उरलेला परदेशातून आयात होतो.

हा कचरा जमिनीत पुरला तर कुजून जाईल, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. सुती कापड कुजते हे खरे. पण कचऱ्याच्या ढिगात खोल दबल्यावर त्याला हवा मिळत नाही, आणि हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. पॉलिएस्टर हे तर मुळात प्लास्टिकच. ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच पडून राहते, आणि आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक धागा पॉलिएस्टरचा आहे. दोन्ही प्रकारच्या कापडांतून रंग आणि रसायने पावसाच्या पाण्याबरोबर झिरपतात. पुणेकरांना हे समजावून सांगण्यासाठी लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे जी आंदोलने केली, त्यांमागे विहिरींचे बिघडलेले पाणी हे एक मोठे कारण होते.

कचरा प्रक्रिया प्रकल्पातही कापड हा त्रासदायक पाहुणा असतो. ओली साडी किंवा ओढणी फिरत्या चाळणीला गुंडाळली जाते आणि यंत्र थांबवून ती कापून काढावी लागते. पुनर्वापराचे म्हणावे, तर कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नवे कपडे बनवण्यासाठी येतो, असा एलेन मॅकआर्थर फाउंडेशनचा २०१७ चा निष्कर्ष आहे. कापड यंत्रात फाडून त्याचे तंतू मोकळे करता येतात, परंतु त्यात तंतू आखूड होतो आणि नव्या धाग्याची ताकद उरत नाही. हरियाणातील पानिपतला देशभरातील जुने लोकरी आणि मिश्र कपडे जातात. तेथे त्यांच्यापासून ‘शॉडी’ म्हणून ओळखला जाणारा जाडाभरडा धागा आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे तयार होतात. म्हणजे कपड्याचा पुनर्वापर बहुधा एक पायरी खाली उतरून होतो. तो जितका उशिरा त्या पायरीवर येईल तितके बरे.

पाण्याचाही हिशेब आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागते, हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. ती जागतिक सरासरी आहे. विदर्भ-मराठवाड्यातील बहुतेक कापूस कोरडवाहू असल्यामुळे ती आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये. मात्र रंगाई-धुलाईचे पाणी कोणाला चुकत नाही, आणि इचलकरंजीच्या खाली पंचगंगेचे काय झाले आहे ते कोल्हापूरकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पहिले काम : जमिनीवर चार ढीग

कपाट रिकामे करून सगळे कपडे एका जुन्या चादरीवर मांडावेत. कपाटात हात घालून एकेक कपडा काढत बसल्यास वर्गवारी होत नाही, फक्त घड्या मोडतात. चार ढीग करावेत : आपण खरोखर घालतो ते, दुरुस्त केल्यास घालू ते, आपण घालत नाही पण दुसरा कोणी घालू शकेल ते, आणि घालण्याच्या पलीकडे गेलेले.

तिसरा आणि चौथा ढीग यांच्यात सर्वाधिक गल्लत होते. त्यासाठी एक साधी कसोटी वापरावी : हा कपडा सख्ख्या बहिणीच्या किंवा भाच्याच्या हातात देताना संकोच वाटेल का? वाटत असेल तर तो चौथ्या ढिगात टाकावा. कापड वरून धड दिसले तरी काखेत, गुडघ्यावर आणि बसण्याच्या जागी उजेडासमोर धरून पाहावे. पलीकडचा उजेड जाळीसारखा दिसला तर ते विरले आहे आणि दोन धुण्यांत फाटेल. अंतर्वस्त्रे आणि मोजे कितीही चांगले असले तरी चौथ्या ढिगातच जातात.

दुसरे काम : धागा ओळखणे

चौथ्या ढिगातील कापड पुढे कोठे जाईल हे त्याच्या धाग्यावर अवलंबून असते, म्हणून ही पायरी गाळू नये. शिवणीतील लेबल वाचावे. लेबल नसेल किंवा त्यावर ‘आर्ट सिल्क’सारखा मोघम शब्द असेल (त्याचा रेशमाशी बहुधा काहीही संबंध नसतो), तर आतल्या शिवणीतून दोन-तीन इंच धागा काढून जाळून पाहावा. हे काम मोठ्या माणसाने, खिडकी उघडी ठेवून, स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाण्याचे भांडे ठेवून आणि धागा चिमट्यात धरून करावे.

सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटाने चुरगळणारी मऊ राख उरते. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) हेही असेच वागते. रेशीम आणि लोकर यांचा वास जळलेल्या केसांसारखा येतो आणि ज्योत दूर केली की ती बहुधा आपोआप विझतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन मात्र ज्योतीपासून आक्रसतात, वितळतात आणि थंड झाल्यावर त्यांचा कडक मणी बनतो. राखही उरली आणि मणीही लागला, तर कापड मिश्र आहे असे समजावे. आजकालच्या ‘सुती’ शर्टांत हा मणी किती वेळा सापडतो ते पाहून आश्चर्य वाटेल.

तिसरे काम : दुरुस्ती, आणि तीही त्याच आठवड्यात

दुसरा ढीग कपाटात परत गेला की संपला. त्यामुळे दुरुस्तीचे कपडे पिशवीत भरून पिशवी दाराच्या कडीला अडकवावी. बटण, हूक, उसवलेली शिवण, ढिले झालेले इलॅस्टिक, सुटलेला फॉल ही घरची कामे आहेत. पँटची चेन बदलणे आणि माप कमी-जास्त करणे अल्टरवाल्याकडे द्यावे. बहुतेक पेठांत आणि उपनगरांत तो जिन्याखाली किंवा दुकानाच्या फळीवर यंत्र मांडून बसलेला सापडतो. भारी शाल किंवा पैठणीला खोंबारा लागला असेल तर रफूवाल्याकडेच जावे, शेजारच्या ठिगळावर समाधान मानू नये.

एक जुनी युक्ती विस्मरणात गेली आहे. शर्टाची कॉलर घडीवर विरली, पण बाकी शर्ट धड असला, तर शिंपी ती कॉलर उसवून उलटी करून पुन्हा बसवीत असत. आतली बाजू नवीच असते. आजही एखाद्या वयस्क शिंप्याला सांगितले तर तो हे काम करून देतो, आणि शर्ट आणखी दोन-तीन वर्षे चालतो.

चौथे काम : देणे

तिसऱ्या ढिगासाठी पुण्यात पर्याय पुष्कळ आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना पर्याय दारावर येतो. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात शहरातील वापरलेल्या कपड्यांची सर्वांत कसून तपासणी तीच करते. आमच्याकडे येणारी बाई प्रत्येक शर्ट झटकून उलटा करते, कॉलर अंगठ्याने चोळते, पँटची चेन वरखाली करते आणि साडी पदरापासून उजेडात धरते. मागच्या खेपेस तिने तीन पँटी बाजूला सारल्या. “ताई, ह्याला चेन न्हाई, ह्याची बटनं गेली, ही कोन घालनार?” त्या पँटींना चेन आणि बटणे लावून पुढच्या वेळी दिल्यावर त्याच ढिगावर एक मोठा डबा मिळाला. तिच्याकडून हे कपडे जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांकडे जातात, धुऊन-इस्त्री होऊन विकले जातात. मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आपल्या वापरलेल्या कपड्यांना गिऱ्हाईक असते की नाही, याबद्दल शंका असणाऱ्यांनी तेथे एक चक्कर मारावी. बोहारणीशी घासाघीस करण्यात आपण फार हुशारी दाखवतो, असे मला नेहमी वाटते. तिचे काम महापालिकेच्या कोणत्याही योजनेआधीपासून चालू आहे.

संस्थांपैकी ‘गूंज’ ही १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली संस्था देशभर काम करते. त्यांच्या ‘क्लॉथ फॉर वर्क’ या पद्धतीत गावकरी विहीर, रस्ता, तलाव असे गावाचे काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात, त्यामुळे कपड्याला भिकेचे रूप येत नाही. जुन्या सुती कापडापासून ते सॅनिटरी पॅडही बनवतात. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे, जी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिली; तिच्या ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रमात जुन्या वस्तूंबरोबर कपडेही घेतले जातात. २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत ठिकठिकाणी आरआरआर केंद्रे (‘रिड्यूस, रीयूज, रीसायकल’, म्हणजे जुन्या वस्तू पुनर्वापरासाठी स्वीकारणारी केंद्रे) उघडली गेली. आपल्या भागातील केंद्र चालू आहे का आणि ते काय स्वीकारते, याची चौकशी क्षेत्रीय कार्यालयात करूनच निघावे.

कोणालाही देताना चार गोष्टी पाळाव्यात. कपडे धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून द्यावेत. खिसे तपासावेत. पुरुषांचे, बायकांचे आणि मुलांचे कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रत्येकीवर चिठ्ठी लावावी : ‘मुलींचे फ्रॉक, वय ६ ते ८, नग ११’. आणि जून ते सप्टेंबर या काळात बोचकी साठवून ठेवू नयेत. आमच्या जिन्याखालचा धडा तोच होता. दिवाळीपूर्वीची आवराआवर नेमकी ऑक्टोबरच्या कडक उन्हात येते, या कामाला त्यासारखा मुहूर्त नाही.

‘माणुसकीची भिंत’ म्हणून रस्त्यावर कपडे टांगण्याची पद्धत मला फारशी रुचत नाही. हेतू चांगला असतो, पण रोज संध्याकाळी आवरणारे कोणी नसेल तर तो कपडा पहिल्या पावसात चिखलात जातो. पूर किंवा भूकंपानंतरही न विचारता जुने कपडे पाठवू नयेत. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा पुण्यातून मदतीच्या गाड्या निघाल्या होत्या. अशा वेळी तेथील लोक जे मागतात, म्हणजे नवी अंतर्वस्त्रे, टॉवेल, सतरंज्या, तेच द्यावे. चिखल उपसणाऱ्या माणसाकडे आपले बोचके निवडायला वेळ नसतो.

पाचवे काम : घालण्यापलीकडे गेलेले सुती कापड

येथे आपल्या घरातील परंपरा अजून पुरती मोडलेली नाही. जुन्या मऊ सुती साडीची गोधडी शिवणे हे नवख्यालाही जमण्यासारखे काम आहे. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब असते. तिची लांबीत तिपेडी घडी घातली की जवळजवळ १.८ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद असे तीन थर मिळतात. दोन साड्यांचे सहा थर झाले, म्हणजे एका माणसाची गोधडी झाली. विरलेली साडी आत आणि धड साडी वर-खाली राहील अशी मांडणी करावी. साड्या आधी धुऊन घ्याव्यात, नाहीतर नंतर एक थर आटतो आणि गोधडी गोळा होते. जमिनीवर ताणून अंथरून कडा दुमडाव्यात, हातभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालावेत आणि मग जाड सुती दोऱ्याने कडेपासून आत येत धावदोरा घालत जावा. टाका बोटाच्या पेरापेक्षा लांब नसावा, ओळींत चार बोटांचे अंतर चालते. रोज एक तास बसले तर दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. वाकडी झाली तरी ऊब तेवढीच मिळते. वरचा थर पॉलिएस्टरचा असेल तर ती अंगावरून घसरते आणि उन्हाळ्यात घामेजते, म्हणून वर सुतीच असावा.

ज्यांना सुई-दोऱ्याची आवड नाही त्यांनी बनियन, सुती टी-शर्ट आणि चादरी हातरुमालाएवढ्या तुकड्यांत कापून फडकी करावीत. स्वयंपाकघरातील टिश्यूच्या गुंडाळ्या त्यामुळे थांबतात. जास्तीची फडकी गॅरेजवाल्याला विचारून द्यावीत. भोसरी-चाकणच्या यंत्रशाळांत पुसण्यासाठी ‘बनियन वेस्ट’ विकत घेतले जाते, कारण सुती विणीचे कापड तेल शोषते आणि पॉलिएस्टर ते नुसते पसरवते. याच कारणासाठी फडक्यांच्या गठ्ठ्यात पॉलिएस्टर मिसळू नये.

अगदी चिंध्या झालेले शुद्ध सुती कापड सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यातही जाऊ शकते. शिवणी कापून टाकाव्यात, कारण कापड सुती असले तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. बटणे, इलॅस्टिक, छापील रबरी चित्रे काढावीत, दोन-दोन इंचांचे तुकडे करावेत, ओले करून ओल्या कचऱ्यात थोडे-थोडे मिसळावेत. भाजीच्या देठांपेक्षा त्यांना कितीतरी अधिक वेळ लागतो. गडद रंगाचे आणि तेल-ग्रीस लागलेले कापड यात घालू नये.

उरते ते फाटके कृत्रिम आणि मिश्र कापड

याच्यावर चांगला उपाय नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. फाटक्या लेगिंग्ज, विरलेल्या जॉर्जेट साड्या आणि स्पँडेक्सचे कपडे गाद्या-उशांत भरावेत किंवा सोफ्याच्या खोळीखाली वापरावेत. तेही शक्य नसेल तर धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावेत आणि कचरा नेणाऱ्या ताईंना आत काय आहे ते सांगावे. ओल्या कचऱ्यात गेलेले कापड कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही. डिसेंबरात रखवालदार शेकोटीत जुने कपडे टाकतात, ते थांबवावे. पॉलिएस्टरचा धूर हा प्लास्टिकचाच धूर असतो आणि उघड्यावर कचरा जाळण्यास बंदीही आहे. रखवालदाराला थंडी वाजते म्हणूनच तो शेकोटी पेटवतो, तेव्हा वर सांगितलेल्या गोधडीचा पहिला हक्क त्याचा.

धुताना

कृत्रिम कपडे धुताना त्यांचे बारीक तंतू सुटतात. समुद्रात थेट सूक्ष्म रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के अशा धुण्यातून येते, असा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. आपल्याकडून ते मुळा-मुठेत, पुढे भीमेत आणि उजनीच्या जलाशयात पोहोचतात. यंत्र पूर्ण भरून, थंड पाण्यात आणि कमी वेळाच्या फेरीत धुतल्यास तंतू कमी सुटतात आणि कपडाही टिकतो. एकदा घातलेली जीन्स लगेच धुण्याची गरज नसते.

सर्वांत शेवटी, म्हणजे खरे तर सर्वांत आधी : खरेदी

नवरात्रातील नऊ रंगांसाठी नऊ साड्या घेण्याची प्रथा अलीकडची आहे आणि ती शेजारणीशी अदलाबदल करूनही उत्तम साजरी होते. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ‘देण्याघेण्याच्या’ साड्या. लग्नकार्यात आहेर म्हणून येणाऱ्या या स्वस्त कृत्रिम साड्या कोणी नेसण्यासाठी घेत नाही; त्या पुढे फिरवण्यासाठीच घेतल्या जातात. आमच्या घरातून एका मुंजीत गेलेली मोरपंखी साडी चार वर्षांनी, तीच पारदर्शक पिशवी आणि पिशवीवरचा तोच पेनाचा डाग घेऊन, एका बारशातून परत आली. मधल्या काळात ती किती कपाटांत राहिली असेल कोण जाणे. आता आम्ही आहेरात सोलापुरी टॉवेल किंवा चादर देतो, ओटीला सुती खण ठेवतो आणि घरच्या कार्याच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ मनापासून छापतो. साठलेल्या ब्लाउज पिसांच्या दोन-दोन जोडून बाजाराच्या पिशव्या शिवाव्यात. एका पिशवीत दोन किलो बटाटे आरामात बसतात.

नवे कपडे शिवायला टाकताना शिंप्याकडून आपली कात्रणे परत मागावीत. ड्रेसच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांचे पुढे दुरुस्तीला ठिगळ होते, रंगही नेमका जुळतो. पहिल्यांदा मागताना थोडे ओशाळल्यासारखे होते. आमच्या शिंप्याने मात्र फळीखालची गोणीच पुढे ओढली आणि विचारले, “एवढीशी कशाला नेता? उशी भरायची असेल तर सगळीच न्या.”